नंबर राहू दे, आधी अंतर मोजा

प्रश्न:

वय 44. नोकरी कार्यालयात, दिवसभर कागद आणि संगणक. रात्री तासभर भरतकाम. आजवर कधी चष्मा लागला नाही, घरात सगळ्यांत तीक्ष्ण नजर माझीच अशी ख्याती. गेल्या काही महिन्यांपासून मात्र बारीक अक्षर दिसेना झालंय. औषधाच्या पाकिटावरची तारीख मुलाकडून वाचून घेते, कार्यालयात एखादा अर्ज समोर आला की शेजारणीकडे सरकवते. सकाळी त्यातल्या त्यात बरं असतं, संध्याकाळी कपाळ दुखतं. यजमानांचा +2 चा रेडीमेड चष्मा लावून पाहिला. भरतकाम लख्ख दिसलं, पण संगणक धूसर झाला आणि गरगरलं. थोरल्या जाऊबाई म्हणतात, एकदा लावलास की नंबर वाढतच जाईल, ओढता येईल तेवढं ओढ. म्हणून व्हिडिओ पाहून डोळ्यांचे व्यायाम करते आहे. माझ्याच वयाच्या मावसबहिणीला शाळेपासून मायनसचा चष्मा, ती मात्र चष्मा काढून आरामात वाचते. सासूबाईंचा वाचायचा चष्मा तर सत्तरीत आपोआप सुटला! मग मलाच का लागावा? चष्मा टाळता येईल का? की लेझर करून एकदाचा विषय संपवू?

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यांत मोलाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे. यजमानांच्या चष्म्यातून भरतकाम लख्ख दिसलं आणि संगणक धूसर झाला, ही. चष्मा आपल्याला सोसत नाही, असा अर्थ तुम्ही त्यातून काढलात. मला त्यात एक साधं गणित दिसतं, आणि तुमच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं त्याच गणितात आहेत. तिथवर येऊच. त्याआधी डोळ्यात काय चाललंय ते पाहू.

डोळ्यात शिरणारा प्रकाश वळवण्याचं मोठं काम पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, करतो. त्याचा आकार ठरलेला. जवळचं आणि लांबचं जमवून घेण्याची कसरत बाहुलीमागचं भिंग करतं. या भिंगाभोवती स्नायूचं एक कडं असतं आणि भिंग त्याला बारीक धाग्यांनी टांगलेलं असतं. लांब पाहताना स्नायू सैल असतो, धागे ताणलेले असतात, भिंग चपटं राहतं. जवळ पाहायचं झालं की स्नायू आवळतो, त्यामुळे धागे सैल पडतात आणि भिंग स्वतःच्या लवचिकपणाने फुगतं. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने 1855 मध्ये हे मांडलं आणि ढोबळमानाने आजही तेच मानलं जातं.

आता मेख अशी, की हे भिंग जन्मभर वाढत राहतं. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे नवे तंतू जुन्यांवर चढत जातात आणि जुना एकही गळून पडत नाही. आतला गाभा दाबला जाऊन घट्ट होत जातो. चाळिशीनंतरही स्नायू आपलं काम चोख करतो, आवळतो, धागे सैल सोडतो. पण भिंगच पूर्वीसारखं फुगत नाही.

किती फुगतं, हे डायॉप्टरमध्ये मोजतात. भिंगाची ताकद मोजायचं हे एकक, चष्म्याचा नंबरही त्यातच असतो. दहा वर्षांच्या मुलाकडे ही ताकद 12 ते 15 डायॉप्टर असते, म्हणून ते पुस्तक नाकाला लावूनही वाचू शकतं. तुमच्या वयाला ती साधारण 4 ते 5 उरते आणि साठीत 1 च्या आसपास येते. म्हणजे तुम्हाला जे गेल्या काही महिन्यांत झाल्यासारखं वाटतंय, त्याची उतरण शाळेत असल्यापासून सुरू आहे. इतकी वर्षं शिल्लक भरपूर होती म्हणून कळलं नाही, इतकंच. भरतकामाने किंवा संगणकाने हे ओढवून घेतलं असं मनात असेल तर ते काढून टाका. ज्यांनी आयुष्यात सुई धरली नाही त्यांचंही भिंग याच वेळापत्रकाने कडक होतं. याला प्रेसबायोपिया म्हणतात आणि यातून कुणीच सुटत नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत बनलेले पहिलेवहिले चष्मेसुद्धा बहिर्गोल भिंगांचे होते, म्हणजे तुमच्याच तक्रारीवरचे.

आता ते गणित. एखादी वस्तू पाहायला किती डायॉप्टर लागतात हे काढायला एकाला मीटरमधल्या अंतराने भागायचं. कागद 40 सेंटिमीटरवर असेल तर 2.5. संगणकाचा पडदा 65 सेंटिमीटरवर असेल तर साधारण 1.5. भरतकाम 28 ते 30 सेंटिमीटरवर धरत असाल तर सुमारे 3.5. तुमच्याकडे 4 डायॉप्टर आहेत असं धरू. मग वरवर पाहता सगळंच जमायला हवं. पण कुठलाही स्नायू पूर्ण आवळून तासन् तास ठेवता येत नाही. शिल्लक असलेल्या ताकदीपैकी निम्मी वापरली तरच काम आरामात होतं, असा आम्हा मंडळींचा ढोबळ नियम आहे. तुमची निम्मी म्हणजे 2. तेवढ्यात अर्धा मीटर किंवा त्यापलीकडचं निवांत दिसतं. म्हणून संगणक बरा, कागद जड आणि भरतकाम अशक्य! संध्याकाळचं कपाळ याच जादा ओढाताणीने दुखत असावं. सकाळी बरं वाटतं त्यात उजेडाचाही वाटा आहे. भरपूर प्रकाशात बाहुली बारीक होते आणि बारीक छिद्रातून पाहिलं की धूसरपणा घटतो. खात्री करायची असेल तर कार्डाला टाचणीने भोक पाडा आणि त्यातून ती औषधाची तारीख वाचून पाहा. कसलंही भिंग नसताना अक्षरं उमटतील.

यजमानांचा +2 चा चष्मा लावलात तेव्हा काय झालं? त्या भिंगाने 2 डायॉप्टर फुकट दिले आणि तुमचे आरामातले 2 त्यात मिळाले. एकूण 4, म्हणजे 25 सेंटिमीटरपर्यंतचं सगळं मोकळं झालं. भरतकाम लख्ख दिसलं ते यामुळे. पण +2 च्या चष्म्यातून अर्ध्या मीटरपलीकडचं काहीच स्वच्छ दिसू शकत नाही; डोळा भिंग फुगवू शकतो, मुळापेक्षा चपटं करू शकत नाही. पडदा 65 सेंटिमीटरवर होता, तो हद्दीबाहेर गेला. त्यातून तुम्ही मान वर केलीत, इकडेतिकडे पाहिलंत, आणि गरगरलं. आता त्याच जागी +1 ठेवून पाहा. स्वच्छ दिसण्याची हद्द एक मीटरपर्यंत जाते आणि जवळची बाजू 33 सेंटिमीटरपर्यंत येते. कागदही आला, पडदाही आला. भरतकामाला किंचित कमी पडेल, त्यासाठी वेगळा विचार करता येईल.

म्हणून माझी पहिली विनंती: चष्मा लावू की नको हा प्रश्न आठवडाभर बाजूला ठेवा आणि शिवणाची टेप हातात घ्या. कागद, पडदा, भरतकाम, मोबाईल, प्रत्येक वेळी डोळ्यापासूनचं अंतर कुणाला तरी मोजायला सांगा. नेहमी बसता तसंच बसून, टेप आहे म्हणून ताठ न होता. ते आकडे कागदावर लिहून तपासणीला न्या. तपासणारा माणूस तुम्हाला साधारण 40 सेंटिमीटरवरचा तक्ता वाचायला देईल आणि त्यावरून नंबर काढेल. तुमचं आयुष्य त्या तक्त्याच्या अंतरावर चालत नसेल तर तो नंबर अचूक असूनही चष्मा कपाटात पडेल. पाहिलेत मी असे कपाटातले चष्मे, आणि प्रत्येकाच्या मालकाची एकच तक्रार, ‘मला चष्मा सूट होत नाही’.

जाऊबाईंचं म्हणणं घेऊ. त्यांचं निरीक्षण खरं आहे हं. चष्मा लावलेल्यांचा जवळचा नंबर वाढतो. पण न लावलेल्यांचाही तितकाच वाढतो, फक्त तो कुणी मोजत नाही. सुरुवात +1 च्या आसपास होते, दर काही वर्षांनी थोडा चढतो आणि साठीच्या पुढेमागे +2.5 च्या आसपास थांबतो, कारण त्यापुढे कडक व्हायला फारसं उरलेलं नसतं. मग चष्मा लागल्यावर उघड्या डोळ्याला पूर्वीपेक्षा वाईट दिसतं असं सगळे का म्हणतात? कारण त्यांनी आता स्वच्छ अक्षर पाहिलेलं असतं. कालपर्यंत जे धूसर अक्षर नेटाने लावून घेत होतो, ते आज चालवून घ्यावंसं वाटत नाही. ओढून धरल्याने भिंगाचं वेळापत्रक एक दिवसही पुढे ढकललं जात नाही. ओढाताण मात्र रोज सोसावी लागते, आणि तुमच्या बाबतीत ती शेजारणीपर्यंत पोचली आहे.

जवळचा चष्मा वेळेवर मिळाला तर कामात किती फरक पडतो याचा एक चांगला अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. आसाममधल्या चहाच्या मळ्यांत पानं खुडणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या मजुरांपैकी काहींना जवळचे चष्मे दिले आणि काहींना अभ्यास संपल्यावर दिले. चष्मा आधी मिळालेल्यांच्या खुडणीतली वाढ दुसऱ्या गटापेक्षा पाचव्या हिश्श्याहून जास्त भरली. त्यांचं काम वाचनाचं नव्हतं, तरी! तेव्हा अर्ज शेजारणीकडे सरकवण्यात तुमची मेहनत किती जाते, याचा हिशेब तुम्हीच करा.

व्यायाम करायचे तर करा, अपाय नाही. दर थोड्या वेळाने पडद्यावरून नजर काढून लांब पाहिलं, पापण्या मिटल्या, तर डोळ्यांचा कोरडेपणा आणि थकवा कमी होईल आणि तेही काही थोडं नव्हे. पण व्यायामाने बळकट होतो तो स्नायू, आणि तुमचा स्नायू दुबळा नाहीच. भिंग मऊ करणारा व्यायाम अजून कुणाला सापडलेला नाही. ‘तीस दिवसांत चष्मा घालवा’ म्हणणाऱ्यांवर म्हणूनच माझा विश्वास नाही.

मावसबहिणीचा हेवा करू नका. तिचंही भिंग तुमच्याइतकंच कडक झालंय. तिच्या डोळ्याला मुळातच जवळचं सोपं आणि लांबचं धूसर. समजा तिचा नंबर -2.5 आहे, तर चष्मा काढल्यावर तिचा डोळा काहीही न करता 40 सेंटिमीटरवर स्थिरावतो, नेमका पुस्तकाच्या जागी. चष्मा लावून ती वाचायला बसली की तिचीही तुमच्यासारखीच गत. तिला रस्त्यावरचा माणूस ओळखायला चष्मा हवा, तुम्हाला अर्ज वाचायला. उलट तुमच्या बाबतीत एक शक्यता तपासून घ्यायला हवी. कधीच चष्मा न लागलेल्या तीक्ष्ण नजरेच्या माणसांत काहींना लहानपणापासून थोडा प्लस नंबर असतो आणि तरुण भिंग तो गुपचूप भरून काढत असतं. भिंग थकलं की तो उघडा पडतो आणि पुढेमागे लांबचंही किंचित धूसर वाटू लागतं. असं असेल तर वरचं माझं गणित थोडं सरकेल.

कोणता चष्मा, यावर दुकानात गोंधळ उडतो, म्हणून माझं मत सांगते. लांबचं उघड्या डोळ्यांनी स्वच्छ असेल आणि गरज फक्त टेबलापुरती असेल तर साधा एकाच नंबरचा, कागद आणि पडदा दोन्ही सांभाळणारा चष्मा सुरुवातीला पुरे. तुम्हाला मी हाच सुचवेन, आणि भरतकामासाठी थोडा जास्त नंबरचा दुसरा, तो टोपलीतच ठेवायचा. समोर सतत माणसं येत असतील, दर मिनिटाला मान वर करावी लागत असेल, तर नाकावर खाली बसणारी अर्धी फ्रेम घ्या किंवा प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांबचं, मधलं आणि जवळचं एकाच भिंगात दाखवणारा चष्मा. शिकवणाऱ्यांना, काउंटरवर बसणाऱ्यांना प्रोग्रेसिव्ह खरंच सोयीचा पडतो.

बायफोकलमध्ये वरचं भिंग लांबचं आणि खालचं जवळचं, मधे रेघ. अमेरिकी मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिनने 1785 मधल्या एका पत्रात आपल्या अशा चष्म्याचं वर्णन केलं आहे. तो फ्रान्समध्ये होता; जेवताना ताटही दिसावं आणि बोलणाऱ्याचा चेहराही, चेहरा दिसला की फ्रेंच जास्त कळतं, असं त्याचं म्हणणं. बायफोकलची उणीव म्हणजे मधलं अंतर, जिथे आज सगळ्यांचे संगणक असतात. ती उणीव प्रोग्रेसिव्ह भिंगाने भरून निघाली. फ्रान्सच्या बर्नार्ड मेतनाझने केलेलं असं भिंग 1959 मध्ये बाजारात आलं. त्यात वरून खाली नंबर हळूहळू बदलत जातो. त्याची किंमत कडेला चुकवावी लागते, दोन्ही बाजूंना खाली प्रतिमा वाकते. सवयीला आठवडा-दोन आठवडे लागतात. त्या काळात चष्मा काढघाल करू नका, बाजूला पाहायचं तर मान वळवा आणि जिना उतरताना हनुवटी खाली घेऊन वरच्या भागातून पायऱ्या पाहा. तरीही जमलं नाही तर आधी बाहुलीची जागा आणि फ्रेमचं माप तपासून घ्या. दोन-तीन मिलिमीटरच्या चुकीने चांगलं भिंग वाया जातं.

रेडीमेड चष्मा वाईट नाही. प्रवासात, स्वयंपाकघरात जादाचा म्हणून असू दे. पण त्यात दोन्ही डोळ्यांना एकच नंबर असतो, सिलिंड्रिकल, म्हणजे डोळ्याच्या असमान वळणासाठीचा, नंबर नसतो आणि भिंगांच्या केंद्रांतलं अंतर सरसकट ठरवलेलं असतं. दोन्ही डोळे सारखे असलेल्यांना तो चालून जातो. तुमचे आहेत का, हे आधी कळायला हवं.

लेझरबद्दल तुमची समजूत बहुतेक अशी आहे, की चष्मा घालवणारी एक शस्त्रक्रिया असते, ती सगळे चष्मे घालवते. लेझर कॉर्नियाला घासून आकार देतं. तुमची अडचण त्याच्या मागच्या भिंगात आहे, आणि लेझर तिथे हात लावत नाही. यावर एक तोड काढतात: एक डोळा लांबसाठी ठेवायचा, दुसरा मुद्दाम जवळसाठी करायचा. काहींच्या मेंदूला हे सहज जमतं, काहींना रात्री गाडी चालवताना किंवा खोलीचा अंदाज घेताना त्रास होतो. सुईत दोरा ओवणाऱ्या माणसाला खोलीचा अंदाज लागतो, हे लक्षात घ्या. करायचंच ठरलं तर आधी काही आठवडे कॉन्टॅक्ट लेन्स लावून तसं जगून पाहा. लेन्स काढून ठेवता येते. स्वच्छ नैसर्गिक भिंग काढून कृत्रिम बहुकेंद्री, म्हणजे लांबचं आणि जवळचं दोन्ही दाखवणारं, भिंग बसवण्याचाही मार्ग आहे, पण उरलेले 4 डायॉप्टर आणि निरोगी भिंग असताना चव्वेचाळिसाव्या वर्षी मी त्या वाटेला कुणाला पाठवणार नाही. बाहुली बारीक करणारे पायलोकार्पिनचे थेंब 2021 मध्ये अमेरिकेत या कामासाठी मंजूर झाले. परिणाम काही तासांचा, अंधारात कमी दिसतं, डोकं दुखू शकतं, आणि क्वचित पण गंभीर असा दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याच्या मागचा पडदा, सुटण्याचा धोका सांगितलेला आहे. दृष्टिपटल तपासल्याशिवाय ते कुणी घालू नयेत.

तपासणी मात्र टाळू नका, आणि ती नुसत्या नंबरावर संपू देऊ नका. चाळिशीनंतर डोळ्याचा दाब आणि आतली नस पाहून घ्यायलाच हवी, कारण काचबिंदू सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही. रक्तातल्या साखरेचीही चाचणी करा. साखर वरखाली झाली की नंबरही वरखाली होतो. आणि तुमच्यासारख्या तक्रारीत जे बसत नाही ते ओळखा: दृष्टी अचानक धूसर होणं, एकाच डोळ्याला कमी दिसणं, सरळ रेघ वाकडी दिसणं, वीज चमकल्यासारखं होऊन काळे ठिपके वाढणं, डोळा लाल होऊन दुखणं. यातलं काही झालं तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. प्रेसबायोपिया हळूहळू येतो आणि दोन्ही डोळ्यांना सारखा येतो.

राहता राहिल्या सासूबाई. सत्तरीत वाचायचा चष्मा सुटला याचा घरात आनंद झाला असेल, पण मला ती बातमी तपासून पाहावीशी वाटते. भिंगाच्या गाभ्यात मोतीबिंदू धरू लागला की भिंगाची ताकद वाढते आणि डोळा मायनसकडे झुकतो. मग तुमच्या मावसबहिणीसारखंच होतं, जवळचं बिनचष्म्याचं दिसतं आणि लांबचं हरवत जातं. त्यांना विचारा, दारात उभं राहून समोरून येणारा माणूस ओळखू येतो का, रात्री दिव्याभोवती वलयं दिसतात का. घाबरण्यासारखं नाही, पण त्यांचीही तपासणी करून घ्या, दोघींची वेळ एकाच दिवशी मागा. बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातले तर नंतर काही तास दोघींनाही ऊन सोसणार नाही आणि तुम्हाला तर मोबाईलवरचं अक्षरही लागणार नाही. तेव्हा परत आणायला यजमानांना किंवा मुलाला बरोबर घ्या, आणि त्या दिवशी कार्यालयात अर्ज शेजारणीकडे सरकवायला मुळी जाऊच नका, सरळ रजा टाका.